अध्यक्षांच्या टेबलावरची घाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घाटी आहे, आणि मी रागात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी 'घाटीबाई, जरा गोड बोला' असं म्हणायला नको. गोड बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

घाटी म्हणजे जनावराच्या गळ्यात बांधतात ती घंटा. तुम्ही पितळेची पाहिली असेल. मी शिवणीच्या झाडाच्या लाकडाची. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बिरसा म्हणून तालुक्याचं गाव आहे. तिथून जंगलाच्या अंगाला गेलं की चैतरामचं घर लागतं. त्यानंच मला पडवीत बसून कोरलं. लाकूड आतून पोखरलं, पोटात दोन लाकडी लोलक अडकवले आणि कानाशी धरून हलवून पाहिलं. आवाज मनासारखा येईना, म्हणून पुन्हा पोखरलं. शेजारच्या गायीच्या घाटीसारखा आवाज चालत नाही बरं का. प्रत्येकीचा निराळा लागतो, म्हणजे दाट झाडीत आपली गाय कुठं चरते आहे ते घरातून कळतं. माझा आवाज म्हणजे टोकटोक, टोकटोक, जरा जाडसर आणि हट्टी.

चैतरामच्या कबऱ्या गाईच्या गळ्यात मी कित्येक वर्षं राहिले. सालाच्या झाडांच्या जंगलात हिंडले, नाल्यात भिजले, मोहाच्या झाडाखाली तिच्याबरोबर उन्हाळे काढले. संध्याकाळी माझा आवाज ऐकू आला की चैतरामची बायको चूल पेटवायची. ते दिवस आठवले की आजही माझं लाकूड हळवं होतं.

मग एके दिवशी वाघानं कबरीला धरलं. वाघाचा मला राग नाही, मित्रांनो. तो भुकेला होता. माझा राग ज्यांच्यावर आहे त्यांची पोटं गच्च भरलेली आहेत.

गाईची दाद मागायला चैतराम मला हातात घेऊन बालाघाटला गेला. एका कचेरीत सांगितलं, 'साहेब दौऱ्यावर आहेत.' दुसरीत सांगितलं, 'हे आमच्याकडे येत नाही.' तिसरीत तर दारावरच्या माणसानं मलाच हातात घेऊन वाजवून पाहिलं आणि हसला. शेवटी कोणीतरी त्याला निसर्ग रक्षण समितीच्या बैठकीत पाठवलं. ही सरकारी समिती, अध्यक्ष निवडून आलेला. जिल्ह्यातलं जंगल, तलाव, पक्षी, प्राणी यांच्याबद्दल काही ठरवायचं झालं की ती बसते, आणि अध्यक्ष शेवटचा शब्द देतो. तेव्हा अध्यक्ष होत्या शेवंताबाई रामटेके. जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई. आवाज बारीक, पण वॉर्डातल्या भल्याभल्या माणसांना औषध पाजलेला.

चैतरामनं मला टेबलावर ठेवलं. "बाई, गाय नहीं रही. ये बची है," एवढंच बोलला. त्यासरशी सगळे सभासद एकदम बोलायला लागले. कोणी कायदा सांगे, कोणी 'गाय जंगलात सोडलीच काहून' म्हणे.

"चूप राहा सगळे!" शेवंताबाई म्हणाल्या. "ज्याले दुखून राह्यलं, त्याले आधी बोलू द्या." मग त्यांनी मला उचललं आणि चैतरामच्या हातात परत दिलं. "जोपर्यंत ही तुझ्या हातात आहे ना, कोणी मधात बोलणार नाही. मी पण नाही."

चैतराम बोलला. अडखळत बोलला, मध्ये रडला, पुन्हा बोलला. सगळे ऐकत बसले. जाताना त्यानं मला तिथंच ठेवलं. घरी नेऊन करणार तरी काय, ज्याच्या गळ्यात मला बांधायचं ते जनावरच नव्हतं.

तेव्हापासून समितीत रीत पडली. ज्याची तक्रार, त्याच्या हातात घाटी. ती हातातून खाली ठेवीपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटायचं आणि अध्यक्षांनी सर्वांच्या शेवटी बोलायचं. शेवंताबाईंची आणखी एक सवय होती. जागा डोळ्यांनी पाहून आल्याशिवाय त्या कशालाच हो किंवा नाही म्हणत नसत. मला मासे धरणाऱ्या ढिवरांनी धरलं, मोह वेचणाऱ्या बायांनी धरलं, एका वनरक्षकानं धरलं. अहो, वैनगंगेतली रेती उपसणाऱ्या एका बड्या माणसालाही मी मिळाले होते. शेवंताबाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नदीवर जाऊन आल्या, आणि मग 'नाही' म्हणाल्या. तो पाय आपटत गेला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! लोक म्हणायचे, या समितीत गरिबाला बोलता येतं. त्या वर्षांत कोणीतरी मला खोबरेल तेल लावून पुसायचं.

शेवंताबाईंची मुदत संपली आणि दुलीचंद अध्यक्ष झाले. हे गृहस्थ आधी बोलायचे, मध्ये बोलायचे आणि शेवटीही तेच बोलायचे. मी कोणाच्या हाती लागण्याची सोयच उरली नाही. टोकटोक वाजवलं की चहा आला पाहिजे, आणि पुन्हा वाजवलं की समोरच्यानं गप्प बसलं पाहिजे, एवढंच माझं काम. ज्या वस्तूनं लोकांना बोलतं केलं, तिच्याचकडून लोकांना गप्प करायचं! पुढं तर एका कारकुनानं माझे लोलक काढले, मला उलटं ठेवलं आणि माझ्या पोटात पेनं खोचली. पेनं, टाचण्या आणि एक मोडका कंगवा. वाघाच्या तोंडातून वाचलेली मी, आणि शेवटी माझा डबा झाला.

मग अध्यक्षपद महिलेसाठी राखीव झालं आणि रूपाली पाथोडे निवडून आली. तरुण पोरगी, किरनापुरकडची लेक, बालाघाटला सासर. तिनं सूत्रं घेतली त्या दिवशी शेवंताबाई काठी टेकत मुद्दाम आल्या. त्यांनी माझ्यातली पेनं टेबलावर ओतली, खणातून माझे लोलक शोधून काढले, अडकवले आणि मला रूपालीच्या तळहातावर ठेवलं.

"पोरी, ही वाजवायची नाही. ही द्यायची," त्या म्हणाल्या.

"हौ, बाई," रूपाली म्हणाली. तिची पकड घट्ट होती. मला वाटलं, चला, आपले दिवस फिरले.

कसले फिरतात! पुढच्या बैठकीला अध्यक्षांच्या खुर्चीत येऊन कोण बसलं? रूपालीचा नवरा, वीरेंद्र. पांढरे कपडे, दोन मोबाइल. आणि कोणालाही, अगदी कोणालाही, त्यात काही गैर वाटलं नाही. सभासद उठून उभे राहिले, 'आइए अध्यक्षजी' म्हणाले. आमच्याकडे याला नावसुद्धा आहे, अध्यक्षपती. बायको निवडून येते आणि नवरा बसतो. रूपाली सुरुवातीला आली होती, पण तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, आणि नंतर वीरेंद्र म्हणाला, "तू कशाले तकलीफ करतं? मी आहो ना." मग ती घरी राहू लागली, आणि कागद सहीसाठी तिच्या घरी जाऊ लागले.

मित्रांनो, तुम्ही वर्गात एक मुलगी मॉनिटर म्हणून निवडली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी तिचा भाऊ येऊन बसला, तर तुम्ही ऐकाल का त्याचं? आरडाओरडा कराल की नाही? मग ही शिकलीसवरलेली मोठी माणसं काहून गप्प बसली? मला तोंड असतं तर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

आता एका बोडीची गोष्ट सांगते. बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. रूपालीच्या माहेरी, किरनापुरच्या पुढं, अशी एक बोडी आहे. तिच्या उथळ पाण्यात दाट गवत वाढतं आणि पावसाळ्यात त्या गवतात सारसाची जोडी घरटं करते. सारस म्हणजे माणसाएवढा उंच, लाल मानेचा पक्षी. आमच्या भागात आता अगदी मोजके उरलेत. नर आणि मादी आळीपाळीनं अंडी उबवतात. गावातल्या बाया त्या दिवसांत तिथं धुणंसुद्धा आपटत नाहीत. रूपाली त्याच बोडीच्या काठी वाढलेली.

आणि वीरेंद्रनं काय ठरवलं? तिथं बोटी फिरवायच्या! गवत काढायचं, सिमेंटचा घाट बांधायचा आणि 'सारस दर्शन केंद्र' अशी पाटी लावायची. सारसाचं घर मोडायचं आणि पाटीवर त्याचंच नाव लिहायचं. समितीनं एकदा होकार दिला की काम सुरू. होकार अध्यक्षांचा लागणार होता, म्हणजे वीरेंद्रचा होकार आणि रूपालीची सही.

बैठक कुठं घ्यायची? तर बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावरच! 'सभासदांना पक्षी प्रत्यक्ष दिसले पाहिजेत,' असा विचार. ऐन उबवणीच्या दिवसांत पाळीवर मांडव पडला, जनरेटर आला, भोंगे लागले, पोह्यांची कढई चढली. निसर्ग रक्षणाची बैठक, मित्रांनो! मला पिशवीत घालून नेलं होतं. टेबलावर ठेवल्यावर मी समोर पाहिलं, तर गवतात घरटं आणि घरट्यावर मादी बसलेली, मान ताठ करून. नर जवळच पाण्यात उभा. दोघंही आमच्याकडे टक लावून बघत होते.

बैठक माहेरी म्हणून रूपालीही आली होती. लेक म्हणून आली हो, अध्यक्ष म्हणून नाही. तिला बायांच्या सतरंजीवर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. हार मात्र वीरेंद्रच्या गळ्यात पडला. तो गावचा जावई. आणि जावयाला भर सभेत उलट बोलायची आमच्या गावात रीत नाही. म्हणून सगळं गाव हात बांधून उभं होतं. मनात एक आणि तोंडावर 'वा जावईबापू'.

मग बैठकीसाठी बोलावलेल्या व्हिडिओवाल्यानं ड्रोन सोडला. तो मोठ्या गांधीलमाशीसारखा गुणगुणत बोडीवर गेला आणि घरट्याच्या अगदी डोक्यावर उतरला. मादी उठली. नरानं एकदा ओरडून पाहिलं. ड्रोन आणखी खाली आला, आणि दोघंही पंख पसरून उडाले, पाणी ओलांडून लांब धानाच्या शेतांकडे गेले.

आणि सभासदांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या! "क्या शॉट मिला है!" म्हणाले. अरे, ती अंडी उघडी टाकून पळाली रे, टाळ्या कसल्या वाजवता? माझ्या लाकडाचा नुसता संताप संताप झाला.

वीरेंद्र भोंग्यावर बोलू लागला, सारस आपली शान आहे, रोजगार येईल वगैरे. तेवढ्यात रूपालीची काकू, सीताबाई, डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. जावयासमोर उभं राहायला तिला किती बळ लागलं असेल ते मला दिसत होतं.

"जवाईबापू, तो भोंगा बंद करा ना आधी. पाखरं उठून गेली घरट्यावरून."

टोकटोक! वीरेंद्रनं मला आपटलं. "काकी, बसा. सवाल नंतर."

"सवाल नोय बापू, अंडे उघडे पडले..."

त्यानं मला असं जोरात आपटलं की माझ्या कडेला चीर गेली. सीताकाकू खाली बसली. गाव जमिनीकडे बघू लागलं.

तेव्हा रूपाली उठली. ओटीतले तांदूळ तिनं काकूच्या पदरात ओतले, चालत टेबलापाशी आली आणि नवऱ्याच्या हातातून मला काढून घेतलं. ओढलं नाही, काढून घेतलं. त्याला वाटलं, बायको काही तरी घरगुती सांगायला आली असेल.

"भोंगा बंद कर," ती जनरेटरवाल्याला म्हणाली. तिचा आवाज इतका निराळा होता की त्यानं वीरेंद्रकडे न बघताच बटण दाबलं. एकदम शांत झालं.

"रूपा, काय चाललं तुझं? घरी बोलू," वीरेंद्र दात दाखवत म्हणाला.

"घाटी माह्या हातात आहे," रूपाली म्हणाली. "ती हातात असली का मधात कोणी बोलत नाही. अध्यक्ष पण नाही. आणि तुम्ही तर अध्यक्ष पण नोहे." मग ती सभासदांकडे वळली. "मी तक्रार सांगून राह्यली. अध्यक्षाच्या जागेवर तर हे बसून आहेत, मग मी तक्रारवालीच झाली ना? माही तक्रार अध्यक्षावर आहे. निवडून आली ते बाई कुठं आहे? तुम्हाले कोणालेच ते दिसत नव्हती का इतके दिवस? तुम्ही माह्या घरी कागद पाठवत होते, मले काहून नाही बोलावलं? आणि मी, मी सह्या करून देत होती. या बोडीचा कागद पण घरी आलता. त्याच्यावर मी सही नाही केली. म्हणून आज मले हळदकुंकवाच्या नावानं आणलं, सही घ्यायले."

एका सभासदानं आपल्या बुटांकडे पाहिलं. दुसऱ्यानं पोह्यांची बशी हळूच खुर्चीखाली सरकवली. वीरेंद्रचा चेहरा हारातल्या झेंडूच्या रंगाचा झाला होता. बोल ना आता, मी मनात म्हटलं, बोल ना!

तेवढ्यात सीताकाकू किंचाळली, "रूपे! कावळे!"

घरट्यावर कावळे उतरले होते. आमचं सगळं लक्ष भाषणात होतं. रूपाली मला तसंच मुठीत धरून पाळीवरून खाली धावली आणि नेसल्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. माझे लोलक तिनं बोटांनी दाबून धरले होते, आवाज होऊ नये म्हणून. तिचा पाय चिखलात रुतला, ती पडली, उठली. कावळे उडाले. गवताच्या त्या मोठ्या ढिगाऱ्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा एका अंड्याला मोठं भोक पडलेलं होतं. दुसऱ्याची तर नुसती कवचं उरली होती. पिवळा बलक गवतावर सांडला होता. भोक पडलेल्या अंड्यात पिल्लू होतं. त्याची चोच मला दिसली. ते हलत नव्हतं.

रूपाली रडली नाही. ती तिथं उभी राहून लांब शेतांकडे बघत होती. जोडी धानात उभी होती. परत यायचं की नाही ते त्यांचं ठरत नव्हतं.

ती वर आली तेव्हा कमरेपर्यंत चिखलानं माखलेली होती. ती टेबलाच्या अलीकडे थांबली नाही. पलीकडे गेली.

"उठा," ती म्हणाली.

वीरेंद्रनं गावाकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, जावयाची बाजू कोणीतरी घेईल. कोणीच हललं नाही. तो उठला. त्याच्या जागी रूपाली बसली, ओल्या चिखलाच्या लुगड्यानं, आणि मला तिनं समोर ठेवलं.

"बैठक चालू आहे. बोटी नाही, घाट नाही, गवताले कोणी हात लावणार नाही. हे अध्यक्ष म्हणून सांगून राह्यली. दुसरं, आज घरटं मोडलं. कोणी मोडलं, ते लिहा."

सचिवानं पेन उघडलं. "कावळ्यांनी, मॅडम?"

"समितीनं," रूपाली म्हणाली. "लिहा, समितीनं मोडलं. आणि अध्यक्षाचं नाव पुरं लिहा. यांचं नाही, माहं. रूपाली पाथोडे अध्यक्ष होती, आणि ते तिथं सतरंजीवर बसून होती."

"मॅडम, असं आपल्याच विरुद्ध कोणी लिहीत नाही..."

"मग आजपासून लिहा."

मित्रांनो, बोडी वाचली. त्याबद्दल लोक टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. पण मला टाळ्यांची शिसारी आली आहे. जोडी त्या घरट्यावर परत आली नाही. रूपालीला आपल्या खुर्चीत बसायचं होतं, तिचा तो हक्क होता, कायदा तिच्या बाजूनं होता, आणि तरीही तिला बसू द्यायला आम्हाला दोन पिल्लांचे जीव लागले. गाव गप्प, सभासद गप्प, कचेरी गप्प. सगळी चांगली माणसं होती हो! एकानं जरी पहिल्या दिवशी विचारलं असतं, 'अध्यक्ष कुठं आहेत?', तर ड्रोन उडलाच नसता.

माझ्या कडेची चीर बुजवू नका. मला तेल लावू नका, काचेत ठेवू नका. तुमच्या गावात, शाळेत, कुठंही समिती असेल, तर तिथं जा आणि पाहा की निवडलं कोणाला आणि बसलंय कोण. निराळं कोणी बसलेलं दिसलं, तर मोठ्यांदा विचारा. मोठी माणसं म्हणतील, लहान तोंडी मोठा घास घेऊ नका. तरी विचारा. त्या अंड्यातली चोच तुमच्या नखाएवढी होती, आणि ती उघडायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केली.